शुगर-बीपीचं ॲप आणि तिसरी कार्यशाळा

प्रश्न थोडक्यात असा. एका संस्थेने तालुक्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी शुगर-बीपीच्या रुग्णांचं ॲप बनवलं आहे (गोळ्यांची आठवण, केंद्रात यायची तारीख, आहाराचा तक्ता). रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सोबत घेऊनच ते घडवायचं, अशी निधी देणाऱ्यांची अट होती. त्याप्रमाणे दोन कार्यशाळा झाल्या, सगळ्यांनी "छान आहे" म्हटलं. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर मात्र महिन्याभरात रुग्णांनी ॲप उघडणं सोडलं आणि सिस्टर म्हणतात, वेळच नाही. आता विचारणा आहे की तिसरी कार्यशाळा कशी घ्यावी, किती जणांना बोलवावं, पैसे द्यावेत का, डॉक्टरांना कसं आणावं, आणि लोक नुसतं "छान आहे" म्हणतात त्यावर उपाय काय.

सरकारी आरोग्य केंद्रांसाठी अशी साधनं बनवणाऱ्या गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: तिसरी कार्यशाळा आत्ता घेऊ नका.

लोकांना बोलवण्यात तुम्ही कमी पडलात असं मला वाटत नाही. बोलावलं तेव्हा ठरायचं काय उरलं होतं, हा खरा प्रश्न आहे. ॲप असावं की साधा फोन-कॉल पुरे, ते रुग्णाच्या फोनवर असावं की केंद्रातल्या टॅबवर, नोंद कोण करणार, त्या बदल्यात कोणतं रजिस्टर बंद होणार, हे सगळं बहुतेक प्रस्तावातच लिहून झालं असणार. मग लोकांच्या वाट्याला बटणांचा रंग आणि अक्षरांचा आकार एवढंच येतं. समोर बसलेल्यांना हे पाच मिनिटांत कळतं. मग "छान आहे" म्हणून शेवटची एसटी गाठणं हेच शहाणपणाचं असतं, आणि ते तसंच करतात.

तेव्हा पहिलं काम तुमच्या ऑफिसात बसून करायचं आहे. एका कागदावर तुमचे सगळे मोठे निर्णय लिहा आणि प्रत्येकापुढे खरं उत्तर द्या: एखाद्या मावशींनी "हे नको" म्हटलं, तर आपण हे बदलू शकतो का? बदलू शकत नसलो तर त्याबद्दल मत विचारू नका, सरळ सांगा की हे ठरलेलं आहे. यादीत एकही मोठा निर्णय मोकळा निघाला नाही, तर आधी निधी देणाऱ्यांशी बोला. "लोक जे सांगतील त्याप्रमाणे बदलायला वाव आणि पैसे दोन्ही हवेत," हे त्यांनीच घातलेल्या अटीच्या आधारे मागता येतं. बहुतेक वेळा मिळतंही.

पुढचं बरंचसं तुमच्या तालुक्यावर अवलंबून आहे, आणि तो मी पाहिलेला नाही. कोकणातल्या वाड्यांमध्ये अडचण रेंजची आणि चढणीची असते. बीडकडच्या तालुक्यात निम्मं वर्ष माणसंच गावात नसतात, ऊसतोडीला गेलेली असतात. तिथे "दर महिन्याच्या दहा तारखेला केंद्रात या" हा ॲपचा सगळा पायाच कोसळतो. शहरालगतच्या गावात फोन असतो, पण तो सुनेचा किंवा नातवाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या महिला देशात 54 टक्क्यांच्या आसपास होत्या. यात साधे फोनही धरलेले आहेत. तेव्हा "रुग्णाच्या फोनवर ॲप" हा निर्णय नक्की कुणाच्या फोनबद्दल होता, ते आधी तपासा.

आता कुणाला बोलावलं होतं ते. तुमच्या कार्यशाळेत आलेले रुग्ण सिस्टरनी किंवा आशाताईंनी निवडलेले असतील. म्हणजे जे वेळेवर येतात, गोळ्या घेतात, सांगितलेलं ऐकतात, ते. त्यांना तुमच्या ॲपची गरज सगळ्यात कमी. ज्यांच्यासाठी ते बनलंय ते लोक त्या खोलीत नव्हतेच. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन केंद्राकडून "औषध न्यायला न आलेल्यांची" यादी काढा. तुम्ही ती स्वतः हातात घेऊ नका, आशाताईंनी आधी घरी जाऊन विचारावं, "संस्थेचं माणूस बोलायला आलं तर चालेल का?" हो म्हणाले तर जा. केंद्रात बोलावू नका, त्यांच्या ओट्यावर बसा.

तिथे ॲप दाखवू नका. "गोळ्या कुठे ठेवता, दाखवता का?" एवढंच विचारा. या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं दिवसभराच्या चर्चेतून कळत नाही. एका आजींनी मला मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या दोन वाट्या दाखवल्या होत्या, एक सकाळची आणि एक रात्रीची. स्ट्रिप कात्रीने कापून दिलेल्या, त्यामुळे औषधाचं नाव दुसऱ्याच कुणाच्या तुकड्यावर गेलेलं. त्या गोळी ओळखायच्या रंगावरून आणि आकारावरून. मधे पुरवठा दुसऱ्या कंपनीचा आला, बीपीची गोळी दिसायला बदलली, आणि ती शुगरच्या जुन्या गोळीसारखी दिसायला लागली. चुकीचं काही पोटात जायला नको म्हणून त्यांनी दोन्ही बंद केल्या. केंद्राच्या लेखी त्या "उपचार सोडलेल्या रुग्ण". आणि तिथलं ॲप काय करत होतं? रोज सकाळी "ॲम्लोडिपिन 5 मिग्रॅ घ्या" असा संदेश पाठवत होतं, तोही मुलाच्या फोनवर, आणि मुलगा चाकणला कामाला.

हा मुद्दा आम्ही नंतर कर्मचाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा तोडगा फार्मासिस्टने सुचवला. त्याला आधीच्या एकाही बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, बॅच बदलल्याचं सगळ्यात आधी मला कळतं. नवीन गोळीचा फोटो मी एकदा काढतो, आणि "या वेळी गोळी दिसायला बदलली आहे, औषध तेच आहे" असा आवाजातला निरोप त्या महिन्यात औषध नेणाऱ्या सगळ्यांना जाऊ दे. शिवाय स्ट्रिप कापताना नावाचा तुकडा रुग्णाकडे राहील असं बघतो. यातलं निम्मं काम डिजिटल नाही, कात्रीचं आहे. पण रुग्णाचा डबा आणि फार्मासिस्टची खिडकी समोरासमोर आल्याशिवाय ते सुचलं नसतं.

उपासाचंही तसंच. शुगरच्या गोळीची आठवण ठरलेल्या वेळी येते, आणि एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी माणूस उपाशी असतो. काही जण त्या दिवशी सगळ्याच गोळ्या टाळतात, काही जण संदेश आला म्हणून उपाशीपोटी घेतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणजे इमानदारीने आठवण करून देणारं ॲपच धोक्याचं ठरतं. रुग्ण हे डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत, कारण "उपास कशाला करता" म्हणून ओरडा बसतो. डॉक्टर विचारत नाहीत, कारण लाईन दारापर्यंत गेलेली असते. यात अडचण रुग्णाने आणायची आणि उत्तर डॉक्टरांनी द्यायचं. कुठली गोळी उपासाच्या दिवशी टाळायची आणि कुठली चालू ठेवायची, हे प्रोग्रामरने ठरवायचं नाही आणि गटचर्चेतही नाही.

दोन्ही बाजूंना पहिल्याच दिवशी एका खोलीत बसवू नका. साहेब समोर असताना रुग्ण बोलत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिस्टर बोलत नाहीत, आणि सिस्टर असताना आशाताई बोलत नाहीत. इंग्लंडमध्ये ल्यूटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात 2005 च्या सुमारास डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या विभागात पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट या संशोधकांनी जी पद्धत वापरली ती मला आजही सगळ्यात कामाची वाटते. रुग्णांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर घ्यायच्या, त्यांतून एक छोटी फिल्म करायची, ती आधी रुग्णांनी एकत्र पाहायची. कर्मचाऱ्यांशी वेगळं बोलायचं. दोघांना एकत्र आणायचं ते नंतर, आणि तेव्हा ती फिल्म सगळ्यांसमोर लावायची. आपल्याकडे कॅमेऱ्याला लोक बुजतात, म्हणून मी नुसता आवाज रेकॉर्ड करते, तोही संमती घेऊन आणि नाव-गाव काढून टाकून. आजींच्या आवाजात "दोन्ही बंद केल्या बाई" ऐकल्यावर एमओ साहेबांशी (वैद्यकीय अधिकाऱ्यांशी) फार वाद घालावा लागत नाही.

"छान आहे" यावर उपाय विचारलात. मत विचारणं बंद करा. छापील, गुळगुळीत स्क्रीन दाखवलं की लोकांना वाटतं हे झालेलं काम आहे, आता नावं ठेवणं बरं दिसत नाही. पेन्सिलने काढलेले कच्चे कागद दाखवा, तेही एक नाही, दोन-तीन वेगवेगळे. "यातला कुठला चालणारच नाही?" असं विचारलं की तोंडं उघडतात. किंवा काम द्या: "समजा तुमची तारीख चुकली, आता यावरून केंद्रात फोन लावून दाखवा," आणि गप्प बसून बघा. बोट कुठे अडतं, कुणाला हाक मारतात, चष्मा शोधतात का. आणखी एक प्रश्न मी हमखास विचारते, "शेजारच्या काकांना हे समजावून सांगायचं तर कसं सांगाल?" स्वतःला येत नाही हे सांगायला माणूस लाजतो, शेजाऱ्याला काय येणार नाही हे मात्र बिनधास्त सांगतो.

आता कर्मचारी. त्यांच्याकडे वेळ नाही हे खरं आहे, आणि ते मन वळवून सुटणारं नाही. कुठल्याही केंद्रात नवीन साधन घेऊन गेलात की सिस्टर एकच गोष्ट विचारतात: रजिस्टर बंद होणार का? उत्तर "नाही" असेल तर तुम्ही त्यांना तेच काम दोनदा करायला सांगताय. आशाताई सीबॅकचा फॉर्म (शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कुणाला आहे ते तपासायची प्रश्नावली) कागदावर भरतात, तोच पुढे सरकारी पोर्टलवर जातो, त्यावर महिन्याचा अहवाल वेगळा. यात तुमचं ॲप चौथं.

आणि रजिस्टर बंद करणं सिस्टरच्या हातात नाही, एमओंच्याही नाही. ते तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या पातळीवर ठरतं. म्हणून साधन मिळून घडवताना मी खोलीत ज्या माणसाचा सगळ्यात आधी आग्रह धरते तो म्हणजे एखादी नोंद बंद करण्याचा अधिकार असलेला माणूस. पूर्ण दिवस नको, शेवटचा अर्धा तास पुरे, पण त्या अर्ध्या तासात "ही नोंद टॅबवर आली की हे पान लिहायचं नाही" असं लेखी मिळालं पाहिजे. ते मिळालं तर सिस्टर वेळ स्वतःच काढतात.

कामाचा भार आणि भाषा न बघता वरून साधन उतरवलं तर काय होतं ते आपण 2021 मध्ये पाहिलं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी त्या ऑगस्टमध्ये सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. तक्रार सरळ होती: फोन कमी क्षमतेचे, सारखे अडकणारे, आणि पोषणाच्या नोंदी भरायचं 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत. या सेविकांना तंत्रज्ञान नको होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यातल्या अनेक जणी स्वतःच्या पैशाने रिचार्ज मारून काम करत होत्या. भाषेबद्दल एखाद्या सेविकेला सुरुवातीलाच विचारलं असतं तर उत्तर एका वाक्यात मिळालं असतं.

उलट बाजूचं उदाहरण तुमच्याच विषयातलं आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला, आणि आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. त्यात वापरलेलं 'सिंपल' नावाचं ॲप जरूर बघा. त्यात फार काही नाहीच: बीपी किती, गोळ्या कुठल्या, पुढची तारीख कधी. नेहमीच्या रुग्णाची नोंद काही सेकंदांत व्हावी असा हिशोब. रुग्णाकडे ॲप नाही, क्यूआर कोड असलेलं एक कार्ड आहे, ते स्कॅन केलं की नाव शोधत बसावं लागत नाही. आणि न आलेल्यांची यादी सिस्टरसमोर आपोआप येते, तिथूनच फोन लावता येतो. नर्सच्या टेबलाशी उभं राहून पाहिल्याशिवाय इतकं काही गाळून टाकायची हिंमत होत नाही. तुमच्या ॲपमधल्या आहाराच्या तक्त्याबद्दल मला शंका आहे ती इथेच. सिस्टरला विचारा, तो कुणी उघडून पाहिलाय का. त्यात ओट्स आणि ब्राऊन ब्रेड असेल तर विचारायचीही गरज नाही.

डॉक्टरांना कार्यशाळेला आणायचा प्रयत्न सोडून द्या, तुम्ही ओपीडीत जा. बाजाराच्या दिवशी जा, कारण गर्दी तेव्हाच असते आणि साधन टिकतं की मोडतं ते तेव्हाच कळतं. कोपऱ्यात उभं राहून सकाळभर बघा: साहेब केसपेपरवर काय लिहितात, सिस्टरला तोंडी काय सांगतात, रुग्ण पिशवीतून कुठले कागद काढतो. मग ओपीडी संपल्यावर त्यांना दहा मिनिटं मागा आणि पाहिलेल्यातल्या एकाच गोष्टीबद्दल विचारा. दिवसभराचं आमंत्रण नाकारणारे डॉक्टर ही दहा मिनिटं बहुतेक देतात, आणि त्यात काम होतं.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसते. सगळंच मिळून ठरवायचं नसतं. बीपी किती झाला की रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, गोळीचा डोस कधी वाढवायचा, यावर हात वर करून मतं घ्यायची नाहीत. त्याला प्रोटोकॉल आहे. शिवाय ॲप स्वतः डोस सुचवायला लागलं तर ते वैद्यकीय उपकरण ठरू शकतं. 2020 पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांच्या कक्षेत आहे, तेव्हा जाणकाराला विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नका. आकडा प्रोटोकॉलचा, हाताळणी लोकांची, अशी वाटणी मी करते. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्य संस्थेने 1990 च्या आसपास श्वास मोजायचं जे साधन केलं ते याचं माझं आवडतं उदाहरण. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असले तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, हा आकडा वैद्यकशास्त्राचा, तो तसाच राहिला. पण दाईला एवढी मोजणी करणं अवघड, म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, दर दहा श्वासांना एक मणी. बॅटरी नाही, वाचता यायची गरज नाही. आणि तुमच्या प्रस्तावात असं लिहायची मुभा ठेवा की शेवटी निघालेलं साधन कदाचित ॲप नसेल.

किती माणसं, हा प्रश्न राहिला. ठरलेला आकडा नाही. "पाच जण पुरे" असं वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं आहे आणि तयार स्क्रीन वापरताना कुठे अडतं ते शोधण्यापुरतं आहे. गरज काय आहे ते शोधायला ते लागू नाही. मी माणसं मोजत नाही, प्रकार मोजते: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया, बाहेरगावी कामाला जाणारे पुरुष, औषध सोडलेले, खासगी डॉक्टरकडे जाऊन-येऊन असणारे. प्रत्येक प्रकारातल्या तीन-चार घरी जा. ऐकलेलंच पुन्हा ऐकू यायला लागलं की थांबा. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणी बसणार नाही.

पैसे द्या. अर्धा दिवस बोलावलं तर त्या बाईची मजुरी बुडते. ती आणि एसटीचं भाडं देणं हे उपकार नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मान्य करतात; फक्त रक्कम इतकी मोठी नको की माणूस मनाविरुद्ध हो म्हणेल. रोख द्या किंवा जसं मागतील तसं, आणि त्याच दिवशी द्या. आशाताईंना कामावर आधारित मोबदला मिळतो, त्यांचाही दिवस फुकट धरू नका.

खासगीपणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. घरात एकच फोन असेल तर संदेश सगळे वाचतात. शुगर-बीपीला लोक फारसं लपवत नाहीत, तरी लग्नाच्या वयाच्या मुलीला शुगर निघाली की घर गप्प होतं. उद्या हेच ॲप टीबीसाठी वापरायचं म्हणाल तर संदेशात आजाराचं नावच येता कामा नये. संदेश कुणाच्या फोनवर यावा, किती वाजता, आणि त्यात काय लिहिलेलं नको, हे नोंदणीच्या वेळी रुग्णालाच विचारा. मुंबईच्या 'अरमान' संस्थेने गरोदर बायांसाठी चालवलेल्या 'एममित्र' कॉलमध्ये वेळ बाईने निवडायची सोय होती. एवढीशी गोष्ट आहे, पण फोन नवऱ्याच्या हातात असतो की बाईच्या, ते त्यावरच ठरतं. आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती सोप्या शब्दांत मागायला सांगतो. तुमचा संमतीचा मजकूर आशाताईंना मोठ्याने वाचायला लावा. त्या जिथे अडखळतील तिथे तो बदला.

तेव्हा क्रम असा धरा: आधी निर्णयांची यादी, मग औषध सोडलेल्यांची घरं आणि बाजाराच्या दिवसाची ओपीडी, मग कर्मचाऱ्यांशी वेगळी बैठक, आणि सगळ्यात शेवटी सगळे एकत्र, नोंद बंद करू शकणाऱ्या अधिकाऱ्यासह. तुमच्या तिसऱ्या कार्यशाळेची जागा ती. तोवर ॲपमध्ये नवीन काही घालू नका, चालू आहे तेवढं राहू द्या.

दोन गोष्टी कळवल्यात तर याहून नेमकं सांगता येईल: ॲपमधली औषधांची यादी सध्या कोण भरतं, आणि चारपैकी कुठल्या केंद्रात वापर सगळ्यात उशिरा थांबला. त्या केंद्रातल्या सिस्टरना आधी भेटा.